चौकटीतली चार नावं

अराद
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय नओमी,
सप्रेम शालोम.

"नावाभोवती चारी बाजूंनी रेघ मारू नये गं, एक बाजू उघडी ठेवावी," असं येहुदितमावशी तुला म्हणाली होती. आठवतं? मी सुट्टीत तुमच्याकडे ठाण्याला आले होते. तू सगळ्यांच्या वह्यांवर नावं घालून देत होतीस आणि प्रत्येक नावाला काळ्या शाईची जाड चौकट. तुझी आई हात पुसत बाहेर आली, बघितलं आणि एवढंच म्हणाली. का, ते विचारायचं आपल्याला सुचलं नाही. लग्न होऊन इथे आल्यापासून ते वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं. परवा शुक्रवारी आठवलं.

तुझी पोस्टरची गुंडाळी आमच्या रोयला मिळाली. त्याने मला ती दाखवली नाही. एवढंच म्हणाला की नओमीमावशी जीनियस आहे. तुला त्याने काय लिहिलं होतं मला माहीत नाही, म्हणून मुळापासून सांगते. बँड म्हणजे चौघं. गाली गाते, मतान बेस वाजवतो, आमचा रोय गिटार आणि ड्रमवर गाय. माझे पपा अजून त्या नावाला हसतात. 'आज गाय चरायला गेली का?' असं एकदा विचारलं, रोयने ते त्याला हिब्रूत सांगितलं, आणि तेव्हापासून तो पोरगा आमच्या दारात उभा राहून हंबरतो. बिल्डिंगखालच्या मिक्लातमध्ये, म्हणजे बॉम्ब पडायला लागले तर लपायच्या तळघरात, त्यांचा सराव चालतो. बँडचं नावही 'मिक्लात'च.

आता शुक्रवारचं. इथे माणूस गेलं की घरचे पांढऱ्या कागदावर जाड काळ्या चौकटीत त्याचं नाव छापून आणतात आणि गावातल्या भिंतींवर लावतात. कोण गेलं, माती कधी, कुठे. अक्षरं अगदी प्रार्थनेच्या पुस्तकातल्यासारखी. येता-जाता लोक थांबून वाचतात आणि पुढे भाजी घ्यायला जातात. तू काढून पाठवलेलं पोस्टर हुबेहूब तसं आहे, नओमी. मला वाटतं तुला हे ठाऊक नसावं. मुलांना मात्र बघताक्षणी कळलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. चार नावं, खाली त्यांनीच घातलेली एक ओळ: गुरुवारी सात वाजता, मिक्लातमध्ये, फुलं आणू नयेत.

पपा ब्रेड आणायला गेले होते. त्यांची हिब्रू तुला माहीत आहे. सगळी प्रार्थना तोंडपाठ, पण रस्त्यावरची पाटी अजून कळत नाही. त्यांनी एकेक अक्षर लावत नावं वाचली. सगळ्यात खाली रोय अष्टमकर. या गावात अष्टमकर आम्हीच. खालची ओळ त्यांना कळली नाही.

मी दवाखान्यात औषधं देत होते. कोणीतरी त्यांना हाताला धरून आत आणलं. घरचं माणूस गेलं की आपण फाडतो तशी त्यांनी शर्टाची कॉलर छातीपर्यंत फाडलेली होती, आणि मला बघून म्हणाले, "शुलू, तुला कोणी सांगितलं नाही का?"

रोय त्या वेळी घरी झोपला होता. मला ते ठाऊक होतं. तरी घरापर्यंत मी धावले.

आता सगळे हसतात, मीही हसते. तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण दुसरं काहीतरी काढून देशील का त्यांना? एखादं चित्र? तू फुलं किती छान काढतेस.

तुझी,
शुलामित


ठाणे
१ डिसेंबर १९९७

प्रिय शुलू,

तुझं पत्र मिळालं. जॉशुआकाकांच्या पाया पडते म्हणून सांग. खरंच गं, मला काय माहीत? आपल्याकडे माणूस गेलं की फोन करतात, फार तर पेपरात दोन ओळी. भिंतीवर आपण सर्कस लावतो.

पण मी तशी चौकट का काढली ते ऐक. रोयने फोटो पाठवला होता. चौघंही साधी, गोड मुलं. तसला फोटो भिंतीवर शंभरांतला एक होतो. आमच्या एजन्सीत साबणाच्या कंपनीकडे पैसे असतात, ती एकच गोष्ट वर्षभर लोकांच्या डोळ्यांवर आपटत राहते. तुझ्या मुलांना ते परवडणार नाही. त्यांच्याकडे एक झेरॉक्स मशीन आणि एक बादली खळ. अशा वेळी भिंतीवर जे कोणीच करत नाही ते करायचं असतं. म्हणून बराचसा कागद कोरा, जाड रेघ, नुसती नावं. अक्षरं मी माझ्या पपांच्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून काढली, मला हिब्रू अक्षरं तेवढीच माहीत आहेत. वयाप्रमाणे लावली, रोय सगळ्यांत लहान म्हणून खाली.

आणि शुलू, ते चाललं. रोयचं पत्र आलंय, सोबत त्यांची नवी कॅसेट. गुरुवारी आत जागा नव्हती, पोरं जिन्यावर उभी होती. आता दुकानदार कॅसेट मागताना 'ती काळ्या चौकटीची द्या' म्हणतात. बँड नवा असतो तेव्हा गाणी कोणाला पाठ नसतात, पण चेहरा पाठ होऊ शकतो. त्यांचा चेहरा ती चौकट आहे. ती आता काढून घेतली तर त्यांना परत बिनचेहऱ्याचं व्हावं लागेल.

आणखी एक. तुला कळेलच, म्हणून मीच सांगते. रोयने अजून काम मागितलं होतं आणि मी ते तुझं पत्र यायच्या आधीच पाठवलं. कॅसेटची चार वेगवेगळी कव्हरं. प्रत्येकावर चौकटीत एकच नाव. ज्याला सगळं हवं त्याने चारही गोळा करायची. कल्पना माझीच.

आमच्याकडे आता सगळं कंप्युटरवर गेलंय. माझं ड्रॉइंग टेबल खिडकीतून हलवून झेरॉक्सच्या खोलीत ठेवलंय. तुझ्या मुलांनी कॅसेटच्या आत छापलंय: चौकट, नओमी, ठाणे. इतक्या वर्षांत माझं नाव कशाखाली आलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

तुझी,
नओमी


अराद
८ मार्च १९९८

प्रिय नओमी,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायची आणि मनात यायचं, तुझा आनंद कशाला घालवा.

चार कव्हरं मी पाहिली. रोयचं मी कपाटात कपड्यांखाली उलटं घालून ठेवलंय. फेकून द्यायला हात होत नाही.

गेल्या आठवड्यात मित्स्पे रामोनला त्यांचा कार्यक्रम होता. मी आणि येहुदा गाडी घेऊन गेलो. रोयच्या वडिलांचे तर ड्रमच्या आवाजाने कान दुखतात, पण पोरगा आता सैन्यात जाणार म्हणून आले. एका बंद कारखान्याची शेड होती, पलीकडे रस्ता संपतो आणि जमीन एकदम खाली जाते, ते प्रचंड विवर. सूर्य अजून होता. बेर शेवाहून, हैफाहून मुलं आलेली. प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती. आपण वर्षश्राद्धाला लावतो ती, डब्यातली, चोवीस तास जळणारी. कोणीतरी एकदा गंमत म्हणून आणली आणि आता ती या बँडची रीत झालीय. दाराशी भिंतीवर चार चौकटी लावल्या होत्या, एकेक नाव. मुलं हसत आत शिरत होती आणि आवडेल त्या नावाखाली मेणबत्ती लावत होती.

माझ्याजवळ गायची आई उभी होती, ओस्नात. ती शाळेत शिकवते, फार बोलत नाही. तिने मला विचारलं की ही कल्पना तुझ्या बहिणीची ना. मी हो म्हटलं. ती म्हणाली की छान आहे, फार हुशार आहे. मग गायच्या चौकटीपाशी गेली, वाकली आणि एकेक मेणबत्ती फुंकून विझवू लागली. एक मुलगी तिला म्हणाली, अहो, काय करताय, शो अजून सुरू व्हायचाय.

मी रोयच्या नावाकडे गेले नाही, नओमी. मी का गेले नाही, हे अजून स्वतःला विचारते.

तो या महिन्याअखेरीस भरती होईल. गायही, दोघं एकाच तुकडीत. पुढच्या हिवाळ्यापर्यंत उत्तरेला, सरहद्दीच्या पलीकडे पाठवतील म्हणतात. मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलले आहे. सुखरूप परत आला की गोड पोह्यांचं ताट करीन.

आणि पपा. तो शर्ट ते शिवू देत नाहीत. मी सुईदोरा घेतला तर हातातून काढून घेतला. म्हणाले, मी त्याच्यासाठी रडून घेतलंय, आता परत रडायची वेळ यायची नाही, तो शर्ट फाटलेलाच राहू दे. शुक्रवारी सिनेगॉगला तोच घालून जातात, वर कोट.

तू रोयला लिही ना. माझं तो ऐकत नाही. 'इमा, ती फक्त रेघ आहे,' म्हणतो.

तुझी,
शुलामित


ठाणे
२ एप्रिल १९९८

प्रिय शुलू,

मेणबत्त्यांचं वाचून बरं वाटलं नाही. ते मी सुचवलं नव्हतं.

पण तूही जरा शांत हो. मुलगा सैन्यात जातोय, त्याची भीती तुला आहे, आणि ती भीती तू माझ्या चौकटीत भरतेयस. मी नुसता कागद केला. आणि आईच्या त्या वाक्याचं म्हणशील तर मला ते नीट आठवतं. शाई महाग होती. मी दौत संपवत आणली होती. 'चारी बाजूंनी कशाला, एक बाजू उघडी ठेव,' ती शाईसाठी म्हणाली. त्यात दुसरं काही नव्हतं.

तेल अवीवच्या एका छोट्या कंपनीचं मला पत्र आलंय. त्यांना सीडी काढायचीय आणि चौकट बँडची कायमची खूण म्हणून हवीय. पोस्टर, टी-शर्ट, सगळ्यावर. मुलं सुटीवर येतील तसं रेकॉर्डिंग करतील. मी होकाराची सही करून पाठवली. तुला आधी विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते माहीत होतं.

रागावू नकोस. मलिद्याला पोहे इथून पाठवू का? तिकडचे जाड असतात म्हणालीस.

तुझी,
नओमी


अराद
३१ जानेवारी १९९९

नओमी,

फोनवर मला बोलता आलं नाही आणि तुला नीट कळलंही नसेल. गाय गेला. उत्तरेत, रस्त्याच्या कडेला पुरलेल्या बॉम्बच्या स्फोटात. रोय त्याच्या मागच्या गाडीत होता. रोयला काही झालेलं नाही. हे वाक्य मी लिहिते आणि ओस्नातचा चेहरा समोर येतो.

रात्रीतून घरच्यांनी सूचना छापल्या आणि सकाळी भिंतींवर लावल्या. पांढरा कागद, काळी चौकट, आत गायचं नाव. त्यांना दुसरी कशी करता येणार? सगळ्यांची तशीच असते.

नओमी, कोणी थांबलं नाही.

मी ब्रेड घ्यायला निघाले होते, मला अजून काही कळलेलं नव्हतं. मी ती पाहिली आणि मनात म्हटलं, आता नवा कार्यक्रम काढला वाटतं, आणि पुढे गेले. मी स्वतः. खालची ओळ मी वाचली नाही. दुकानात बाई म्हणाली की पोरांनी परत सुरू केलं बघा. आम्ही दोघी हसलो.

परत येताना ओस्नात त्या भिंतीपाशी उभी होती. घरी लोक असताना ती तिथे का आली होती, कोण जाणे. शाळेच्या दोन मुली तिच्याजवळ थांबल्या. त्यातल्या एकीने चौकटीकडे बोट दाखवून विचारलं, "दार किती वाजता उघडणार?"

ओस्नातने मातीची वेळ सांगितली. "दोन वाजता," म्हणाली. मग म्हणाली, "हे खरं आहे. हा खराखुरा आहे." तेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, कागदावर हाताचा पंजा ठेवून. मी तिला कवेत धरलं तेव्हा कुठे मला कळलं.

कबरस्तानात हैफाहून आलेल्या दोन मुलांच्या हातात मेणबत्त्या होत्या. ती मुलं कशासाठी आली होती, हे मी विचारलं नाही. त्यांचे चेहरे बघून कळलं, त्यांनाही तिथे आल्यावरच समजलं होतं.

संध्याकाळी पपा कॉटवर बसले होते, अंगात तो फाटका शर्ट. बराच वेळ दाराकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना त्या हंबरण्याची आठवण येतेय. मग म्हणाले, "चौकटीत चार नावं होती गं, शुलू. मी एकट्या रोयसाठीच फाडलं."

शुलामित


ठाणे
१५ फेब्रुवारी १९९९

शुलू,



तेल अवीवला तार केली आहे. चौकट वापरू नका, माझं मूळ आर्टवर्क परत पाठवा. त्यांचं उत्तर आलं की सही झालेली आहे. तरी मी पुन्हा लिहीन.

जाड रेघेचं पेन मी कचऱ्यात टाकलं. आईची शपथ घेऊन सांगते, यापुढे मी कोणाच्या नावाभोवती रेघ काढणार नाही. ऑफिसात टूथपेस्टच्या जाहिरातीला बॉर्डर मागितली तर मी ती दुसऱ्याकडून करून घेतली.

ओस्नातला लिहायला बसले होते. 'प्रिय'च्या पुढे काही सुचलं नाही.

आई ते शाईसाठीच म्हणाली होती, असं मी तुला लिहिलं. पण दौत भरलेली होती का संपत आली होती, ते खरं तर मला आठवत नाही.

नओमी


अराद
७ मार्च १९९९

प्रिय नओमी,

ओस्नातला लिहू नकोस एवढ्यात. तिने मला विचारलं होतं की तुझी बहीण कशी आहे. मी म्हटलं, बरी नाही. तिने मान हलवली. तेवढं पुरे.

रोय सात दिवस गायच्या घरी सुतकाला बसला आणि मग युनिटमध्ये परत गेला. मधे एकदा सुटीवर आला तेव्हा सारा वेळ खाली मिक्लातमध्ये होता. ड्रमवर चादर घातलीय. गाली आणि मतान आले, पण वाजवल्याचा आवाज आला नाही. मी कॉफी घेऊन गेले तर तिघं जमिनीवर बसलेली, मध्ये एक कोरा कागद.

सीडी निघणार आहे, नओमी. गाणी भरून झाली होती, सगळ्यांत गायचे ड्रम आहेत. कंपनीला कव्हरवर चौकटीत एकट्या गायचं नाव हवं होतं. म्हणे, आता लोक ते विसरणार नाहीत. रोयने साफ नकार दिला. मला क्षणभर हायसं वाटलं. मग तो म्हणाला की चौघांची नावं घालायची, पहिल्या पोस्टरवर होती तशीच, त्याच क्रमाने. गायला त्यात एकटं सोडणार नाही. येहुदा त्याच्यावर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. गाली रडली. रोय फक्त माझ्याकडे बघत राहिला आणि मराठीत म्हणाला, माझ्याशी तो मराठीत कधी बोलत नाही, "आई, त्याचं नाव तिथे आहे, तर माझं पण राहू दे."



तू नव्याने काढलं नाहीस तर कंपनी जुनं पोस्टर कंप्युटरवर घेईल आणि छापेल. त्यांच्याकडे तुझी सही आहे. मेमध्ये ते देशभर भिंतींवर लागेल. रोय तेव्हा परत सरहद्दीपलीकडे असेल. रोज सकाळी कामावर जाताना मी ते वाचीन. पपाही एकेक अक्षर लावत वाचतील. शर्ट आता धुवूनधुवून इतका विरलाय की आणखी फाडायला त्यात जागा उरलेली नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

मी रोयला विचारलं की मावशीने नव्याने काढलं तर तेच छापाल का. तो म्हणाला, मावशीने काढलं तर तेच.

तू शपथ घेतलीयस, आणि ती आईची आहे, हे मला माहीत आहे. पेन टाकलंस हेही माहीत आहे. गेलं वर्षभर मीच तुला 'काढू नकोस' म्हणत होते. आणि तू म्हणशील की उघडी चौकट ही चौकटच नव्हे, बघणाऱ्याला ती छपाईतली चूक वाटेल. तू नाही म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर मीही नाही म्हटलं असतं.

तरी विचारते. एकदाच पेन घे. गायचं नाव वर जसं होतं तसं राहू दे, तिथल्या तिन्ही रेघा हव्या तेवढ्या जाड काढ. फक्त खालची, रोयच्या नावाखालची रेघ काढू नकोस.

तुझी,
शुलामित